हेरांच्या डावात बातमीची जागा : मराठी संपादक आणि वृत्तप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे संपादक, वृत्तवाहिन्यांचे आणि बातम्यांच्या संकेतस्थळांचे वृत्तप्रमुख, डेस्कवरचे उपसंपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

हेरगिरीची बातमी आली की पहिले पान आणि पडद्याखालची पट्टी दोन्ही लाल होतात. त्या भडकपणाबद्दल तक्रार करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ती तक्रार आधी पुष्कळांनी केली आहे आणि तिचा उपयोग झालेला नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की हेरखात्यांच्या कामात वर्तमानपत्र काठावर बसून पाहत नसते. पुष्कळदा डाव आखतानाच ‘हे छापून कोण आणणार’ याचे उत्तर ठरलेले असते. तो डाव कसा मांडतात, कुठे फसतो आणि डेस्कवर काय केले तर तो अडतो, हे नोंदवलेल्या प्रकरणांतून सांगतो.

सुरुवात दिल्लीपासून. जुलै १९८३मध्ये ‘पेट्रियट’ या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. लिहिणारा स्वतःला नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणवत होता. एड्सचा रोग अमेरिकी लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार केला, असा त्याचा दावा. शिवाय हे प्रयोग आता पाकिस्तानात हलणार आहेत, अशी पुस्तीही त्याने जोडली होती.

या पत्राची बांधणी पाहण्यासारखी आहे. फोर्ट डेट्रिक हे अमेरिकेच्या जैविक शस्त्रांचे केंद्र होते आणि १९६९मध्ये निक्सन यांनी तो कार्यक्रम बंद केला, हे खरे. रोग नवा होता आणि त्याचे कारण तेव्हा नुकतेच हाती येत होते, हेही खरे. अफगाण युद्धामुळे अमेरिका आणि पाकिस्तान जवळ आले होते, हे तर भारतातला प्रत्येक वाचक जाणत होता. या सगळ्या खऱ्या विटांमध्ये एकच खोटी वीट बसवली होती आणि पाकिस्तानचा उल्लेख खास भारतीय वाचकासाठी होता. तो वगळला असता तर दिल्लीच्या दैनिकाला या पत्रात रस वाटण्याचे कारण फारसे उरत नव्हते.

नंतर दोन वर्षे काहीच झाले नाही. ७ सप्टेंबर १९८५ रोजी केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने बल्गेरियाच्या गुप्तचर खात्याला एक टिपण पाठवले. ते आज सोफियाच्या अभिलेखागारातून उघड झालेले आहे. हा रोग अमेरिकेच्या गुप्त प्रयोगांतून निसटला असे जगाचे मत व्हावे यासाठी आम्ही काम करत आहोत, अशी माहिती त्यात आहे. विकसनशील देशांच्या, विशेषतः भारताच्या, वृत्तपत्रांत याविषयी छापून आल्याचा उल्लेखही आहे. पुढच्याच महिन्यात, ३० ऑक्टोबरला, मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’ने लेख छापला आणि आधार दिला ‘पेट्रियट’चा. मॉस्कोने स्वतः काही म्हटलेच नाही. एका भारतीय दैनिकाने काय म्हटले तेवढे सांगितले. १९८६मध्ये पूर्व बर्लिनमधले निवृत्त जीवभौतिकशास्त्रज्ञ याकोब सेगाल यांनी याला शास्त्रीय पोशाख चढवला. मेंढ्यांमधला विस्ना विषाणू आणि माणसातला एचटीएलव्ही-१ जोडून एड्सचा विषाणू बनवला, असे त्यांचे प्रतिपादन. हरारेच्या अलिप्त राष्ट्र परिषदेत त्याच्या पुस्तिका पोहोचल्या. १९८७ संपेपर्यंत ही कथा ८०हून अधिक देशांत आणि ३०हून अधिक भाषांत छापली गेली होती.

अमेरिकेने शास्त्रीय सहकार्य तोडण्याची भाषा केल्यावर मॉस्कोने मोहीम आवरती घेतली. १९९२मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी आपल्या खात्याचा हात मान्य केला. विषाणूच्या जनुकीय अभ्यासातून त्याचा उगम १९२०च्या सुमारास किन्शासा परिसरात निघतो. तेव्हा फोर्ट डेट्रिकची प्रयोगशाळा अस्तित्वातच नव्हती. तरी अफवा टिकली, कारण मोहीम थांबवणाऱ्याच्या हाती अफवा थांबवणे नसते.

डेस्कसाठी यातली कामाची गोष्ट अशी की ८० देशांतली कात्रणे जमवली तरी स्रोत एकच होता : नाव नसलेले एक पत्र. बातमी किती ठिकाणी आली हे मोजून काही कळत नाही. ती पहिल्यांदा कुठे, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या नावाने आली, एवढेच शोधावे. दोन कात्रणे एकमेकांचा हवाला देत असतील तर ती दोन्ही मिळून शून्य धरावीत.

आता वाहिन्यांसाठी एक प्रकरण. १९६४च्या उन्हाळ्यात चेकोस्लोव्हाकियाच्या दूरचित्रवाणीचे एक पथक शुमावा डोंगरातल्या सरोवरांवर कार्यक्रम करत होते. ‘काळे सरोवर’ नावाच्या तळ्यात पाणबुड्यांना तळाशी जुन्या पेट्या सापडल्या. लष्कराने आणि पोलिसांनी त्या ताब्यात घेऊन प्रागला नेल्या, आणि काही आठवड्यांनी सरकारने पत्रकार परिषदेत त्यातली नाझी कागदपत्रे दाखवली. पश्चिम जर्मनीत युद्धगुन्ह्यांचे खटले भरण्याची मुदत १९६५मध्ये संपत होती, आणि ती वाढावी यासाठी दबाव हवा होता.

पेट्या आठ-पंधरा दिवस आधी चेक गुप्तचर खात्याच्याच लोकांनी बुडवल्या होत्या. पाण्यात उतरलेल्यांपैकी लादिस्लाव बित्तमान १९६८मध्ये पळून अमेरिकेला गेले आणि त्यांनी सगळे सांगितले. पेट्यांमध्ये तेव्हा कोरे कागद होते, कारण मॉस्कोहून यायची कागदपत्रे वेळेवर पोहोचलीच नव्हती. म्हणून त्या किनाऱ्यावर उघडू न देता घाईने हलवाव्या लागल्या. मेख अशी की नंतर दाखवलेली कागदपत्रे बहुतांशी अस्सल होती. ती रशियाच्या अभिलेखागारातली होती. खोटा होता तो फक्त ‘शोध’. एखाद्या तज्ज्ञाने शाई आणि कागद तपासून ‘अस्सल’ असा शेरा दिला असता, आणि तो शेरा बरोबरही असता. पण फसवणूक कागदात नव्हती, कागद मिळण्याच्या प्रसंगात होती, आणि तो प्रसंग खरा वाटावा म्हणून कॅमेरा तिथे हजर ठेवलेला होता.

तेव्हा आपल्या कॅमेऱ्यासमोर काही ‘सापडले’, तर आधी विचारावे : आज इथे यायला आपल्याला कोणी सांगितले? सापडलेली वस्तू आपल्यासमोर उघडली गेली का? उघडली नसेल तर ते बातमीतच लिहावे. ‘पेटी आमच्यासमोर उघडण्यात आली नाही’ या एका वाक्याने काळ्या सरोवराचा डाव निम्मा कोसळला असता.

दुहेरी हेर कसा चालवतात हेही समजून घ्यावे लागते, कारण माहिती पुरवणाऱ्या अधिकाऱ्याशी तुमचे नाते त्याच नियमाने चालते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘गार्बो’ या टोपणनावाने वापरलेला खुआन पुजोल गार्सिया हा बार्सिलोनाचा माणूस. तो आधी स्वतःच जर्मनांकडे गेला. लंडनला पोहोचलो असे भासवून लिस्बनमध्ये बसला आणि प्रवासी मार्गदर्शिका, नकाशा आणि रेल्वेचे वेळापत्रक यांच्या आधारे अहवाल लिहू लागला. ग्लासगोतले लोक एक लिटर वाइनसाठी वाटेल ते करतील, असेही त्याने एकदा लिहिले. स्कॉटलंड पाहिलेला कोणीही तिथेच थांबला असता, पण जर्मन अधिकारी थांबला नाही. आपला हेर खोटा निघणे त्याच्या बढतीला परवडणारे नव्हते.

१९४२मध्ये ब्रिटिशांनी पुजोलला लंडनला आणले आणि त्याच्या हाताखाली २७ काल्पनिक हस्तक उभे केले. त्यातला एक लिव्हरपूलचा. नोव्हेंबर १९४२मधल्या उत्तर आफ्रिकेवरच्या स्वारीची जहाजे तिथून निघाली, आणि हा हस्तक जिवंत असता तर त्याने ती पाहायलाच हवी होती. म्हणून त्याला आजारी पाडून मारले, आणि स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची बातमी छापून आणली. ते कात्रण जर्मनांना पाठवले. त्यांनी ‘विधवे’साठी पैसे मंजूर केले. पुढच्या वर्षी स्पेनच्या वेल्वा किनाऱ्यावर ब्रिटिशांनी खोटी कागदपत्रे आणि मेजर मार्टिन हे खोटे नाव दिलेले प्रेत सोडले, तेव्हाही तेच झाले. ४ जून १९४३च्या ‘द टाइम्स’मधल्या मृतांच्या यादीत त्या अस्तित्वात नसलेल्या मेजर मार्टिनचे नाव आले. मृत्यूच्या छोट्या जाहिराती कोणी तपासत नाही, म्हणूनच समोरची बाजू त्यांच्यावर भरवसा ठेवते.

गार्बोचा खरा कस नॉर्मंडीच्या वेळी लागला. ६ जून १९४४च्या पहाटे तीन वाजता, सैन्य उतरण्याच्या काही तास आधी, त्याने हल्ल्याची खरी बातमी पाठवायचे ठरले. दोस्तांनीच तशी परवानगी दिली होती. माद्रिदचा जर्मन बिनतारी यंत्रचालक त्या वेळी यंत्रावर नव्हता, आणि संदेश पोहोचला तेव्हा तो निरुपयोगी झाला होता. गार्बोने वर जर्मनांनाच खडसावले. खरी माहिती, पण काम संपल्यावर दिलेली. त्या पुंजीवर तीन दिवसांनी, ९ जूनला, त्याने मोठे खोटे खपवले : नॉर्मंडी ही हूल आहे, खरा हल्ला फ्रान्सच्या काले बंदराच्या भागात होणार. जर्मन राखीव सैन्य तिकडेच अडकून राहिले. जुलैअखेर त्याला आयर्न क्रॉस मिळाल्याचे कळवण्यात आले आणि वर्ष संपायच्या आत ब्रिटिशांनीही पदक दिले.

तुम्हाला एखाद्या अधिकाऱ्याने सलग तीन खऱ्या बातम्या फुकट दिल्या असतील तर त्या चौथ्या बातमीचे आगाऊ मोल असू शकते. ‘आजवर याने कधी चुकीचे सांगितले नाही’ हा युक्तिवाद नेमका याच ठिकाणी लंगडा पडतो. आधीच्या तीन बातम्यांकडे पुन्हा पाहा. छापल्या तेव्हा त्यांनी कोणाचे काही बिघडवले होते का? की त्या आज ना उद्या बाहेर येणारच होत्या?

आपल्या देशात या सगळ्याची किंमत एका माणसाने कशी मोजली, ते इस्रो प्रकरणात दिसते. ऑक्टोबर १९९४मध्ये तिरुवनंतपुरममध्ये मालदीवच्या एका महिलेला व्हिसाची मुदत संपल्यावरून अटक झाली. काही आठवड्यांत ते रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिशीत इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाची गुपिते विकल्याचे प्रकरण बनले. ३० नोव्हेंबरला शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक झाली. रोज नवा तपशील, रोज ‘सूत्रांची माहिती’. त्याच वादळात मार्च १९९५मध्ये केरळचे मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पद सोडावे लागले. सीबीआयने १९९६मध्ये हेरगिरीचा पुरावा नसल्याचा अहवाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये पुन्हा तपास करण्याचा राज्याचा प्रयत्न रद्द ठरवला, आणि १४ सप्टेंबर २०१८ रोजी नारायणन यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश देऊन पोलिसांच्या वर्तनाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अटक आणि भरपाई यांच्यात जवळजवळ २४ वर्षे गेली.

यात कोणाचा सूड होता, कोणते परदेशी खाते मागे होते, याच्या कथा आजही सांगितल्या जातात. त्यांच्या नादी लागण्याची गरज नाही. डिसेंबर १९९४मध्ये कोणत्याही दैनिकाला एक साधा प्रश्न विचारता आला असता : जी वस्तू विकली म्हणता, ती आपल्याकडे आहे का? क्रायोजेनिक तंत्रज्ञानासाठी भारताने तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या ग्लाव्हकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी १९९१मध्ये करार केला होता. अमेरिकेच्या दबावाने १९९३मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. हे सर्व तेव्हा जाहीर होते. भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक टप्प्याने यशस्वी उड्डाण केले ते जानेवारी २०१४मध्ये. म्हणजे जे घरात आलेच नव्हते, त्याची चोरी झाल्याची बातमी महिनोन् महिने चालली. दुसरा प्रश्न, आराखडे मिळाले म्हणजे इंजिन बनते का? धातू, जोडकाम, चाचण्यांची यंत्रणा, वर्षानुवर्षांचा हातखंडा यांच्याशिवाय नुसत्या कागदाचे मोल फार थोडे असते. हे सांगणारा अभियंता तिरुवनंतपुरममध्ये गल्लोगल्ली भेटला असता. गुन्हेविषयक बातमीदाराने त्या दिवशी विज्ञानाच्या बातमीदाराला फोन केला असता, तरी बरेच काही वाचले असते.

आता घराजवळचे. मे २०२३मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकाला पाकिस्तानी हस्तकाला गुप्त माहिती दिल्याच्या आरोपावरून महाराष्ट्र एटीएसने अटक केली. आरोपपत्र न्यायालयात तपासले जाण्याआधीच त्यातले संवाद, विचारल्या गेलेल्या क्षेपणास्त्रांची नावे, उत्तरांचा सूर, सगळे छापले गेले. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. आमचा मुद्दा वेगळा. सीमेपलीकडे बसून हस्तक चालवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी अशी बातमी हा फुकटचा अहवाल असतो. आपला कोणता प्रश्न पकडला गेला, कोणता सुटला, तपासकर्त्यांना कोणता फोन मिळाला, कोणत्या दिवसापासून संशय होता, हे त्याला वाचून कळते. आणि चवदार संवादांच्या नादात वाचकाला कामाचे काही कळत नाही. असे जाळे साधारण कसे टाकतात ते छापा : समाजमाध्यमावर महिलेच्या नावाने खाते, ओळखीतल्या दोघा-चौघांना आधीच जोडलेले असते म्हणून ते विश्वासार्ह दिसते. भारतीय मोबाइल क्रमांक कोणाकडून तरी मिळवलेला, त्याचा ओटीपी परदेशात पोहोचलेला, म्हणून +९१ने सुरू होणारे व्हॉट्सॲप खाते प्रत्यक्षात बाहेरून चालते. पहिले काही आठवडे कामाविषयी एकही प्रश्न नाही. मग ‘फोटो पाहायला’ एखादे ॲप उतरवायला सांगणे. खडकी, देहूरोड, ओझर, देवळाली, अंबरनाथ, वरणगाव इथल्या हजारो घरांत संरक्षण खात्याच्या नोकऱ्या आहेत. त्या घरांना संवादांपेक्षा या पायऱ्या उपयोगी पडतील.

कायद्याची बाजूही डेस्कवर माहीत असावी. १९२३च्या सरकारी गुपिते कायद्याच्या कलम ३मध्ये हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम ५ मात्र गुप्त माहिती देणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यालाही लागू होते. अधिकाऱ्याने आपणहून दाखवलेला कागद उद्या तुमच्याच विरुद्ध वापरता येतो, आणि हे त्या अधिकाऱ्याला ठाऊक असते. दुसरीकडे, आयबी आणि रॉ माहिती अधिकाराच्या कलम २४खाली वगळलेल्या आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन हे दोनच दरवाजे किलकिले आहेत, आणि तेवढे ठोठावणारे बातमीदारही फार कमी.

इथवर वाचून ‘म्हणजे सगळेच बनाव’ असे वाटू लागले असेल तर तोही एक रोगच आहे, आणि तो हेरखात्यांना स्वतःला आधी जडला. केजीबीचा अधिकारी युरी नोसेन्को १९६४मध्ये सोव्हिएत रशियातून फुटून आला, तेव्हा सीआयएच्या प्रतिहेरगिरी विभागाचे प्रमुख जेम्स अँगलटन यांची खात्री होती की तो पेरलेला आहे. त्याच्या उत्तरांत चूक सापडली की तो खोटा. चूक नाही सापडली तर पढवून पाठवलेला. नोसेन्कोला खटल्याशिवाय १,२७७ दिवस डांबले गेले आणि शेवटी सीआयएनेच त्याला खरा मानले. कोणता पुरावा मिळाला तर आपले मत बदलेल, हे आधी लिहून ठेवता येत नसेल तर ते मत पुराव्यावर उभे नाही. संपादकीय बैठकीत हा प्रश्न जरूर विचारावा.

‘हे सगळे परके लोक करतात’ असेही मानू नये. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या कम्युनिस्टविरोधी लेखक-विचारवंतांच्या संस्थेची भारतातली परिषद मार्च १९५१मध्ये मुंबईत भरली. तिच्या भारतीय समितीचे ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक १९५५पासून मुंबईतून निघाले, निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. मूळ संस्थेला सीआयएचा पैसा प्रतिष्ठानांमार्फत येत होता, हे १९६६-६७मध्ये उघड झाले. नियतकालिकातले लेखन चांगले होते, लिहिणारे प्रामाणिक होते, आणि म्हणूनच ते त्या पैशाच्या उपयोगाचे होते. उलट बाजूने, वासिली मित्रोखिन यांनी केजीबीच्या दप्तरातून उतरवून आणलेल्या नोंदींत भारतीय वृत्तपत्रांत पेरलेल्या लेखांचे आकडे आहेत. एकट्या १९७५चा आकडा ५,५१० आहे. तो वाचून हबकायला होते, पण जरा थांबावे. हा आकडा केजीबीच्या दिल्लीतल्या अधिकाऱ्याने मॉस्कोला आपली कामगिरी दाखवण्यासाठी पाठवला होता. सोयीचा दिसणारा प्रत्येक लेख त्याने आपल्या खाती लावला असणार. त्या यादीच्या जोरावर कोणा जुन्या संपादकाला विकला गेलेला ठरवणे म्हणजे केजीबीच्या फुगवलेल्या जमाखर्चावर आपली सही करणे.

आणि अलीकडचे. डिसेंबर २०२०मध्ये ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या अपप्रचाराचा शोध घेणाऱ्या संस्थेने भारताच्या बाजूने १५ वर्षे चाललेल्या एका जाळ्याचा तपशील दिला. ७५०हून अधिक बनावट माध्यमे, ११९ देश, बंद पडलेल्या संस्थांचे पुनरुज्जीवन. २००६मध्ये निवर्तलेल्या हार्वर्डच्या एका प्राध्यापकाचे नाव पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात हजर म्हणून दिले होते. परराष्ट्र मंत्रालयाने भारत सरकारचा संबंध नाकारला, आणि कोणत्या सरकारी खात्याचा हात होता हे त्या अहवालानेही सिद्ध केलेले नाही. पण वाट जुनीच आहे : परदेशी नावाचे संकेतस्थळ, तिथून वृत्तसंस्था, तिथून आपले पान, ‘युरोपातल्या माध्यमांनी म्हटले’ या शब्दांत. सोयीची आहे म्हणून बातमी तपासायची राहते, तेव्हा आपण १९८३च्या ‘पेट्रियट’च्या डेस्कवर बसलेलो असतो.

आमची मागणी फार मोठी नाही. हेरगिरीच्या प्रत्येक बातमीसाठी डेस्कवर एक अंतर्गत नोंद ठेवा : माहिती देणाऱ्याने फोन केला की आपण, किती वाजता, आणि काय ‘छापू नका’ म्हणाला. हा शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो. एकाच बैठकीला बसलेले दोन अधिकारी हा एकच स्रोत धरा. कागदाची झेरॉक्सची झेरॉक्स आली तर मूळ मागा, कारण बनावट सही आणि चिकटवलेला मजकूर लपवायला तिसऱ्या पिढीची प्रत सोयीची असते. निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या कागदाला जास्त वेळ द्या. ब्रिटनमधले बनावट झिनोव्हिएव्ह पत्र, म्हणजे मॉस्कोहून ब्रिटिश कम्युनिस्टांना आले म्हणून दाखवलेले पत्र, २५ ऑक्टोबर १९२४ला छापले गेले, मतदान २९ला होते, आणि चार दिवसांत ते तपासून कोणाचेच होणार नव्हते.

शेवटची मागणी जुन्या अंकांबद्दल आहे. संकेतस्थळांवर हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झालेल्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे तशाच पडून आहेत. त्यांतले काही जण पुढे निर्दोष सुटले, काहींवरचे खटले मागे घेतले गेले. नाव शोधले की पहिली अजूनही अटकेचीच बातमी येते. त्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर, शीर्षकाच्याही वर, खटल्याचा निकाल आणि तारीख टाका. एका उपसंपादकाला हे काम नेमून दिले तर सुरुवात या महिन्यातच करता येईल. ती केलीत तर तसे छापून वाचकांना कळवा.

आपले,
हेरगिरी आणि अपप्रचार या विषयांचे काही मराठी अभ्यासक